शहाण्णव टक्के गोगलगाय

मी गोगलगाय बोलतेय. तुम्हाला घाई असेल तर खुशाल पुढे जा, मला घाई कधीच नव्हती. पण बसणार असाल तर आधी खाली बघा आणि मग बसा. आमची निम्मी भावकी माणसांच्या चपलांखाली गेली, आणि मारणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

माझा जन्म कुंडीतला. रोपवाटिकेतून एका मोठ्या पानांच्या झाडासोबत मी ह्या घरात आले तेव्हा मिरीच्या दाण्याएवढी होते. आईची ओळख नाही. आमच्यात आया मातीत अंडी घालतात आणि चालू लागतात, मागे वळून बघायची पद्धत नाही. बाप म्हणाल, तर तो भेदच आमच्यात नाही, भेटलेले दोघेही आई. त्यामुळे लग्न, सासर, सासू, सून ह्यातलं काही आमच्याकडे नसतं. ते सगळं मी खिडकीतून शिकले.

घर तळमजल्यावरचं, तीन खोल्यांचं. मागे चिंचोळी बाल्कनी, बाल्कनीत अकरा कुंड्या, आणि भिंतीत बाथरूमची खिडकी. खिडकीच्या आतल्या अंगाला बेसिन, आरसा आणि काचेची फळी. माझा मुक्काम पाचव्या कुंडीच्या ताटलीखाली. अंधार पडला की भिंत चढायची आणि खिडकीच्या कडेवर जाऊन बसायचं, तिथे कायम दमट असतं. मला कान नाहीत. पण अख्खं अंग फरशीला लावून जगणाऱ्याला कान हवेत कशाला? कोण रागात चालतंय, कोण रडून आलंय, हे मला तुमच्याआधी कळतं.

घरात तिघीच राहायच्या. म्हातारी, तिची सून आणि पंधरा वर्षांची नात. म्हातारीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. मी आले तेव्हा आतल्या खोलीत त्याचा फक्त फोटो होता.

म्हातारीला मी मीठवाली म्हणते. तिने तीस वर्षं काकड्या खारवायच्या कारखान्यात काम केलं. कुठल्या पिंपात किती मीठ, हे ती नुसत्या हाताने सांगायची, वजनकाटा लागायचा नाही. कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही. तिच्या गाऊनच्या खिशात कायम मिठाची पुडी. संध्याकाळी झाडांना पाणी घालून झालं की एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताची चिमूट तयार. माझ्या सख्ख्या बहिणी तिने माझ्यासमोर विरघळवल्या. अंगाला फेस येतो हो. पुढचं सांगत नाही.

मी वाचले ती काही हुशारीने नाही. पाचवी कुंडी कोपऱ्यात आहे आणि तिथवर वाकायला म्हातारीचे गुडघे तयार नव्हते, म्हणून.

सून चष्म्याच्या दुकानात काउंटरला. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या, आणि समोर आरसा धरून "हा शोभतो बघा" म्हणायचं. आरसा गिऱ्हाइकासाठी. पण तो धरणारीलाही स्वतःचं तोंड दिसायचंच, दिवसातून शंभर वेळा. तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग. कोणी सांडलेल्या चहाचे पुसायचे राहिलेत, असे. तीन वर्षं तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नवरा गेलेल्या बाईला डागांसाठी सवड कुठली?

आणि मग एक दिवस खोकं आलं.

खोकं नातीनेच फोडलं. बाटल्या बेसिनवरच्या फळीवर ओळीने लावल्या आणि आजीला बोलावून सगळं वाचून दाखवायला लागली. मी खिडकीच्या कडेवर होते. त्या दिवशीचं एकूण एक बोलणं मला पाठ आहे.

"आजी, हे सगळं कोरियन आहे. तिथल्या बायकांची कातडी बघ, काचेसारखी असते. हे तेल, मेकअप काढायला."

"ती मेकअप लावते कुठे?"

"असू दे गं. हे आंबवलेल्या तांदळाचं पाणी."

"शिळं पाणी म्हण की सरळ."

"आणि हे मधमाशीचं विष."

"विष? घरात?"

"थेंबभर असतं. आणि हे बघ, हे सगळ्यात महत्त्वाचं. गोगलगायीचा स्राव. शहाण्णव टक्के."

"स्राव म्हणजे काय?"

नात जरा अडखळली. "म्हणजे ती चालते ना, तेव्हा मागे राहतं ते."

"म्हणजे गोगलगायीचा शेंबूड."

"आजी!"

"मग काय म्हणू, अत्तर? आणि उरलेले चार टक्के कशाचे, मुंगीच्या अश्रूंचे?"

शेंबूड म्हणे! ती आमची ओल आहे. तिच्यावरून आम्ही चालतो, तिनेच जखम भरते, तिच्याच जोरावर ब्लेडच्या धारेवरूनही आम्ही जाऊ शकतो. पण रागवायला मला फुरसत नव्हती. शहाण्णव टक्के! मी शिकलेली नाही. मला वाटलं, शंभर गोगलगायींतल्या शहाण्णव ह्या बाटलीत गेल्या आणि चार उरल्या. मी शिंगं आत ओढली आणि दोन दिवस शंखातून बाहेर आले नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. घरात माणसं नसताना खिडकीतून आत शिरले, फळीवर उतरले आणि त्या बाटलीवर चढले. बाटलीवर गोल, काठ्या, चौकोन असं काय काय छापलेलं. सगळ्या अक्षरांवरून पोट फरफटत नेलं, एक अक्षर कळलं नाही. पण वास मला कळतो. बाटलीला आमचा वास नव्हता. फुलाचा होता, तोही कुठल्याच खऱ्या फुलाचा नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ह्या प्रकरणात काहीतरी काळंबेरं आहे.

मीठवालीलाही तेच वाटत होतं. फक्त तिचा संशय बाटलीवर नव्हता.

जेवणं उरकली की सून बाथरूममध्ये शिरायची ती तासभर बाहेर यायची नाही. आधी तेल, मग फेस, मग शिळं पाणी, मग विष, मग आमची ओल, मग मलई. आणि प्रत्येक थरानंतर गालांवर बोटांनी टपटप, टपटप. बंद दार वाजवत उभी राहिल्यासारखी. एकदा तर तिने तोंडावर ओला पांढरा कागद चिकटवला, डोळ्यांना दोन भोकं आणि तोंडाला एक. म्हातारी टॉवेल ठेवायला आली आणि जी किंचाळली!

"अगं बाई, सोललं की काय हिला कोणी!"

"मास्क आहे, आई. वीस मिनिटांत काढायचाय."

"वीस मिनिटांत माझा जीव गेला असता."

सून हसली. म्हातारी हसली नाही. दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना ती पुटपुटत होती. ती झाडांशी बोलते, आणि झाडं गप्प असतात म्हणून तिला वाटतं कोणी ऐकत नाही.

"माझ्या मुलाच्या वेळी हिने तोंडाला साधी पावडर लावली नाही. आता विष लावते, शेंबूड लावते. कोणासाठी? अं? तास तास आरशासमोर, कोणासाठी?" तिने सातव्या कुंडीत इतकं पाणी ओतलं की ते खालून वाहायला लागलं. "ही जाणार. आणि ही गेली की पोरगीही गेली. मग मी आहे आणि तुम्ही अकरा आहात."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मीठवालीलाही कशाची तरी भीती वाटते.

पुढच्याच आठवड्यात तिच्या संशयाला पुरावा मिळाला. सून बाल्कनीत येऊन फोनवर हळू बोलत होती. म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. श्वास रोखून उभं राहिलेल्या माणसाचे पाय फरशीला कसे रुततात, ते मला विचारा.

"हो, आजपासून तिसऱ्या रविवारी या," सून म्हणत होती. "नाही हो, आईंना अजून सांगितलं नाही. सांगेन. धीरच होत नाही. आणि तोवर हे डाग तरी जरा कमी होऊ देत."

झालं. म्हातारीने हिशेब लावला: डाग गेले की सून गेली. म्हणजे डाग जाता कामा नयेत. म्हणजे बाटली चालता कामा नये.

बाटली फेकली असती तर सुनेला कळलं असतं. पाणी भरलं असतं तर पातळपणावरून कळलं असतं. तिला तार सुटणारं काहीतरी हवं होतं. आधी तिने वाटीत अंड्याचा पांढरा बलक फेटून ठेवला. दोन दिवसांत त्याला असा वास सुटला की नात नाक धरून घरभर मेलेला उंदीर शोधत फिरली. म्हातारीने वाटी गुपचूप तिसऱ्या कुंडीत ओतली. ओतता ओतता तिची नजर भिंतीवर गेली. तिथे माझी रात्रीची वाट चमकत होती. ती बोट लावून बघत राहिली, ताणून बघितलं. तार सुटत होती.

त्या संध्याकाळी मीठवाली टॉर्च घेऊन आली आणि गुडघ्यांचा विचार न करता चक्क फरशीवर आडवी झाली. पाचव्या कुंडीखाली तिचा हात आला. मी म्हटलं, संपलं आता. पण चिमटीत मीठ नव्हतं. काकडीची चकती होती.

खरं सांगते, त्या क्षणापासून मी जास्त घाबरले. मीठ टाकणाऱ्याचा हेतू कळतो. काकडी टाकणाऱ्याचा कळत नाही.

तिने मला आणि आणखी चौघींना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि बरणी खिडकीच्या बाहेरच्या कडेवर, कुंडीच्या आडोशाला ठेवली. बरणीला जुन्या आंबटाचा वास. आत गेलेलं कोणी परत येत नाही, असा तो वास सांगत होता. रोज दुपारी, सून दुकानात आणि नात शाळेत असताना, ती आम्हाला एका जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर सोडायची. आम्ही चालायचो, ती चमच्याच्या दांड्याने मागची ओल खरवडून घ्यायची. हात हलका होता तिचा, खोटं कशाला बोलू. वर बोलायचीही.

"चल गं बाई. थांबू नको. तुझी किंमत आता वाढली आहे."

एक दिवस आमच्यातली एक चुलतबहीण दमून काचेवरच थांबली, तर म्हातारीने तिच्यावर फुंकर घातली. मीठवालीने फुंकर घातली! मला तर त्यातही डाव दिसला.

आठ दिवसांत अर्धी वाटी जमली. मग तिने सुनेची बाटली उघडली. आतलं मोरीत ओतायला म्हणून तिने हात उचलला, पण परदेशातून आलेली वस्तू, तिच्याने टाकवेना. तिने ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वतःच्या उशाशी ठेवलं. आणि सुनेच्या बाटलीत आमची ओल भरली, वर थोडं पाणी.

आणि झाकण लावायच्या आधी खिशात हात घालून चिमूटभर मीठ टाकलं.

दुष्टपणाने नव्हे. सवयीने. तीस वर्षांत त्या बाईने बिनमिठाचं काहीही बाटलीत भरलं नव्हतं. अंड्याचं काय झालं ते ताजं होतं. हे नासू नये, टिकावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्याच्यामुळे कोणाच्या गालांना काही होईल, हे तिच्या गावीही नव्हतं. गोगलगायीची बुळबुळ, तिने काय होणार? काहीच होऊ नये, हाच तर तिचा बेत होता.

पहिल्या रात्री सुनेला नुसती खाज सुटली. "काम करतंय वाटतं," ती नातीला म्हणाली. दुसऱ्या रात्री तिने जास्त लावलं. बुधवारी दोन्ही गाल लालबुंद झाले, गुरुवारी पुरळ आलं, शुक्रवारी नाकाशेजारची कातडी सुटायला लागली. दुकानात मालकाने तिला काउंटरवरून उठवून मागे फ्रेमा पुसायला बसवलं. आणि रविवार दोन दिवसांवर.

इकडे म्हातारीचं वेगळंच काहीतरी चाललं होतं. तिला रात्री झोप लागत नव्हती. उशाशी ती औषधाची बाटली. बघत बसायची. मग एकदा तिने त्यातलं थोडं टाचांना चोळून पाहिलं. तिच्या टाचा म्हणजे उन्हाने तडकलेली जमीन, कारखान्याच्या खारट पाण्यात तीस वर्षं उभं राहून झालेल्या. चोळलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही चोळलं. मग रोजच.

शुक्रवारी संध्याकाळी सून बेसिनपाशी उभी होती. तोंडावर पाण्याचे हबके मारत होती आणि रडत होती. पाण्याचा ओघळ ओठांवर आला आणि ती थांबली. आधी तिला वाटलं, डोळ्यांतलं पाणी असेल. मग तिने ती बाटली उचलली, बोटावर एक थेंब घेतला आणि जिभेवर ठेवला.

"आई!"

म्हातारी दारात आली. ती लांब नव्हतीच.

"आई, ह्यात मीठ कोणी घातलं?"

"मीठ? कोरियावाल्यांनी घातलं असेल. परक्यांचा काय भरवसा."

 सुनेची नजर म्हातारीच्या तोंडावरून खाली उतरत उतरत फरशीवर आली.

"आणि तुमच्या टाचा?"

"टाचांना काय झालं?"

"तेच म्हणतेय मी. काहीच झालेलं नाही. आयुष्यभराच्या भेगा गेल्या कुठे?"

मागून नात डोकावली. "अय्या आजी, तुझ्या टाचा तर माझ्यापेक्षा मऊ आहेत!"

"तू गप्प बस." म्हातारी दाराच्या चौकटीला टेकली. नळ ठिबकत होता. "मी घातलं. बाटलीही मीच बदलली. तू उजळलीस की जाशील, हे मला कळत नाही का? मी कारखान्यात होते, पण अक्कल पिंपात सोडून नाही आले."

"कुठे जाईन मी?"

"ज्याला रविवारी बोलावलं आहेस, त्याच्याकडे."

सुनेने नळ घट्ट बंद केला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"फोनवर एवढं हळू बोलतेस की शेजारच्या इमारतीत ऐकू जातं."

"आई, घर तुमच्या नावावर आहे." सुनेने टॉवेल ओढून घेतला. "मला वाटलं, हे कळलं की तुम्ही मला बॅग भरायला सांगाल. मुलगाच नाही तर सून कशाला, म्हणाल. सात महिने हेच डोक्यात घेऊन फिरतेय मी. रात्री तास तास ते बाटल्यांचं करत बसायचे ना, ते निम्मं तोंडासाठी आणि निम्मं तुम्हाला कसं सांगू ह्यासाठी."

"मी तुला काढीन? मी?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "मग सकाळची गोळी मला कोण देईल?"

"म्हणजे गोळीसाठी ठेवलंय मला."

"मग काय तुझ्या स्वयंपाकासाठी?"

आणि मग त्या दोघींचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भांडण, रडणं आणि हसणं, फरशीतून तिन्ही सारखीच येतात. तेवढ्यात नातीला खिडकीच्या कडेवर आमची बरणी सापडली.

"आई! इथे गोगलगायी आहेत! जिवंत!"

सुनेने बरणी पाहिली. मग हातातली बाटली पाहिली. मग पुन्हा बरणी. "म्हणजे मी पाच दिवस तोंडाला..."

"अस्सल आहेत," म्हातारी नाक पुसत म्हणाली. "भेसळ नाही. मीठ सोडून."

शनिवारी सून म्हणत होती, अशा तोंडाने नको, पुढचा रविवार ठरवू. म्हातारीने ऐकलं नाही. "माझा धीर आज आहे. आठ दिवसांनी असेल की नाही, सांगत नाही. येऊ दे त्याला. पण एक लक्षात ठेव, मी अजून कशालाही हो म्हटलेलं नाही."

खुर्च्या बाल्कनीत मांडल्या, कारण आतल्या खोलीत मुलाचा फोटो होता. आम्ही पाची जणी अजून बरणीतच. धांदलीत कोणाच्या लक्षातच राहिलो नाही.

तो आला. लहानखुरा माणूस, सुनेच्या दुकानाला भिंगं घासून देणारा. सुनेचं तोंड तेव्हा पिकलेल्या टोमॅटोसारखं. तो खुर्चीच्या कडेवर बसतो न बसतो, तोच म्हातारीने तोंड उघडलं. पाणीही विचारलं नाही.

"हिच्या तोंडाकडे बघताय ना? ते माझं काम आहे. हिच्या बाटलीत मी भलतंच भरलं. तुम्ही येऊ नये म्हणून."

"आई, अहो!"

"काय अहो? नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. "तिने कालच सांगितलं मला, आई."

"आई कोणाला म्हणता?"

"चुकलो. बाई, मी दिवसभर भिंगं घासतो. डाग शोधायचा आणि काढायचा, हाच धंदा आहे माझा. घरी येऊनही तेच करत बसू का?"

गोड बोलतोय, मी मनात म्हटलं. म्हातारीच्या पायांनीही तेच म्हटलं, ते जरासुद्धा सैल पडले नाहीत.

"तुमच्या घराला पायऱ्या किती?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"मग मिटलंच. माझे गुडघे एकोणीस पायऱ्या चढत नाहीत. तुम्ही ह्या दोघींना न्या. मी काय, इथेच..."  तिने कुंडीतलं एक बरं असलेलं पान उगाच खुडलं.

"तेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "गुडघ्यांचं मला ठाऊक आहे. माझं मागे कोणी नाही, खोलीही भाड्याची. मी इकडे राहायला आलो तर चालेल का?"

 नात दाराआड कान देऊन उभी होती. म्हातारीने डाव्या पायाची बोटं फरशीत रुतवली. ते फक्त मला कळलं, बरणीच्या काचेतून.

"माझ्या मुलाचा फोटो हलणार नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही हलणार."

"बाथरूम एकच आहे. सकाळी सहा ते साडेसहा माझं. रात्रीचा एक तास हिचा. पोरगी कधी शिरते आणि कधी निघते, ते कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही कधी जाणार?"

"उरेल तेव्हा."

"घोरता का?"

"मी झोपलेला असतो, बाई. मला कसं कळणार?"

दाराआडून नात खुदकन हसली. म्हातारी हसली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिंपातली पहिली काकडी बाहेर काढून बघावी, तसं. "बघू," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "कडेवर काय बसलात? नीट मागे टेकून बसा. पडलात तर माझ्यावर नाव येईल."

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लगेच सोडलं, कारण गाल झोंबले.

तो गेल्यावर म्हातारीने बरणीचं झाकण उघडलं. आम्हाला एकेक करून कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या गवतात सोडलं. आता ती मीठ टाकत नाही. दिसलो की उचलते आणि भिंतीपलीकडे टाकते. मला परत यायला तीन रात्री लागतात. मी येते. तीही मग पुन्हा टाकते. हे आमचं असं चाललेलं असतं, पण म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवलाय असं समजू नका. तिच्या हातात काकडी दिसली की मी अजूनही आत जाते.

तो राहायला आला त्याला आता बरेच महिने झाले. फळीवर त्याचं दाढीचं सामान आलं. सुनेच्या तोंडाचं पुरळ पंधरा दिवसांत गेलं आणि ती पुन्हा काउंटरवर बसली. वांगाचे डाग नात म्हणते फिके झाले. मला तर तसेच दिसतात. फळीवर आता दोनच बाटल्या असतात, आणि नवी बाटली आली की म्हातारी आधी स्वतः हुंगते, मग जिभेला लावते, आणि मगच सुनेच्या हातात देते. ते दोघे तिच्या ह्या तपासणीला काही बोलत नाहीत. मी बोलले असते. तुम्हाला सांगते, बाटली घ्यायची तर घ्या, तोंड तुमचं आहे. पण आत जी आहे तिला कोणी विचारलं होतं का, एवढं दुकानदाराला एकदा विचारून बघा. तो काय तोंड करतो, त्यावरून तुम्हाला कळेल.

माझंही आता वय झालं. शंखाची कड दोनदा फुटून भरली आहे, चाल आणखी मंदावली आहे, म्हणजे विचार करा. कोरडे दिवस सुरू झालेत. अशा दिवसांत आम्ही एखाद्या भिंतीला चिकटतो, तोंडावर पातळ पडदा ओढून घेतो आणि ओल येईपर्यंत आत पडून राहतो. माझ्या वयात ओढलेला पडदा पुन्हा उघडतोच असं नाही. मी खिडकीखालची जागा धरली आहे. तिथून बाथरूम कोणाचं ह्यावरून चाललेली चौघांची सकाळची वादावादी भिंतीतून अंगाला लागते.

तेवढी चालू राहू दे. पडदा उघडलाच, तर मला त्या फरशीवर चार माणसांची पावलं लागायला हवीत. रिकाम्या घराची भिंत फार गार असते.